न्हाणीच्या दारातली रेघ

१६ एप्रिल १९२८

पडलो! सपशेल पडलो! खरं तर ‘पडलो’ म्हणायचाही मला अधिकार नाही. मत खाणीतल्या माणसांचं, आम्हा बायकांना विचारतो कोण! प्रश्न एवढाच होता, की खाणीच्या तोंडाशी आंघोळघर बांधायचं का. गरम पाण्याचे नळ, कामाची पाळी संपली की तिथेच धुऊन माणसासारखं घरी यायचं. मॅनेजर म्हणाला होता, दर तिघांत दोघांनी हात वर केला तर कंपनी बांधून देईल. दर तिघांत एकानेसुद्धा केला नाही.

आणि विरोधात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? आमच्याच घरचा! सासरेबुवा टोपी काढून उभे राहिले म्हणे. “पोरवयात खाणीत उतरलो, तेव्हापासून पाठीला पाणी लागू दिलेलं नाही. पाठ धुतली की पाठीतला जोर गेला, हे माझ्या आजाला ठाऊक होतं!” टाळ्या पडल्या. मग कुणीतरी म्हणालं, पोटच्या पोरासमोर उघडं व्हायचं का? झालं, संपली सभा. कोळसा उगाळावा तितका काळाच!

घरात तीन पुरुष आणि तिघांच्या तीन वेळा. नवरा वॉल्टर सकाळच्या पाळीला, दीर आल्फ दुपारच्या, आणि सासरेबुवा खाणीच्या तोंडाशी, कोळसा चाळायच्या कामावर. प्रत्येकासाठी टाकीवरून बादल्या आणा, परसातल्या न्हाणीच्या चुलाण्यावरचा तांब्याचा हंडा भरा, जाळ करा, उकळतं पाणी स्वैपाकघरातल्या टबात ओता, यांच्या माना घासा. मग तो काळा चिखल उचलून बाहेर. तोवर पुढचा दारात हजर! पाठ तेवढी कोरडी ठेवायची, खरखरीत फडक्याने नुसती पुसायची. या दरीत जमिनीखाली कोळशाचा थर माणसाच्या तिप्पट उंच आहे म्हणतात. त्यातला निम्मा माझ्या स्वैपाकघरातून गेला असेल.

१९ एप्रिल

मिसेस प्रॉसरकडे जाऊन आले. दरीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिने पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, म्हणाली, “तिसरा महिना सरतोय.” मग माझी दोन्ही मनगटं धरली. “हेस्टर, पहिली दोन कशी गेली ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. पाण्याचा टब उचललास तर हेही जाईल.”

वॉल्टरला सांगितलं नाही. मागच्या वेळी त्याने पाळणा रंगवला होता.

२० एप्रिल

टब उचलला. दुसरं कोण उचलणार?

२३ एप्रिल

जेसीला सगळं कळलं. सांगणार नव्हते. पण कपडे वाळत घालता घालता ती कुंपणावरून वाकली आणि म्हणाली, “अगं बाई, तोंड का असं पिठासारखं पांढरं?” — आणि मला रडूच फुटलं. जेसी मक्लाउड आमची शेजारीण. तिच्या घरात नवरा आणि चार मुलगे, सगळे खाणीत. म्हणजे पाच टब! तिने एक शिवी हासडली. चॅपलमधून नाव काढून टाकतील अशी.

मग म्हणाली, “हे पुरुष हक्कासाठी काय करतात गं?”

“संप.”

“मग आपल्या हाताला काय लकवा भरलाय?”

“आणि ते स्वतःच हंडा तापवून घेतील तर? अडवणार कोण?”

जेसीने कपड्यांचा चिमटा दातांतून काढला. “रेघ अडवेल.”

मी बघतच राहिले! संपाची रेघ, म्हणजे संपकरी फाटकाशी धरतात ती ओळ, आमच्या दरीत कुणी ओलांडत नाही. गल्लीच्या टोकाला हॅलम बेकर आहे. त्याचा पाव इतका हलका, की वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं. पण आमच्यातलं कुणी त्याच्याकडून तुकडा घेत नाही. का? तर त्याचा आजोबा कधीकाळी रेघ ओलांडून कामावर गेला होता. तेही इथे नाही, समुद्रापलीकडे, इंग्लंडात! आजोबा मेला, पण रेघ काही मेली नाही. आम्ही लांबच्या दुकानातून दगडासारखा पाव आणतो आणि चहात बुडवून खातो.

या माणसांची दुखती नस आम्हाला इतकी वर्षं दिसली कशी नाही?

२९ एप्रिल

प्रार्थना संपल्यावर सगळ्या जेसीकडे जमलो. चहा झाला, लोणी लावलेले गरम स्कोन झाले आणि ठरलं. मागण्या दोन. पुन्हा मत घ्या. आणि आंघोळघर उभं राहीपर्यंत ज्याचं पाणी त्याने भरायचं, त्यानेच ओतायचं. एकजण म्हणाली, “आमचा हात उगारेल गं.” मिसेस प्रॉसर शांतपणे म्हणाली, “त्याच्या आईने त्याला जन्म दिला तेव्हा तो किती रडका होता, हे मी सगळ्या गल्लीला सांगेन म्हणावं.”

माझ्या पोटातलं कुणालाच सांगायचं नाही, असं जेसीला बजावलं. तिसऱ्यांदा कुणी माझ्याकडे त्या नजरेने बघितलेलं मला सोसायचं नाही.

३० एप्रिल

मारली! प्रत्येक घरच्या न्हाणीच्या दारात चुन्याची रेघ, टब आत नेऊन ठेवलेले, दारावर पुठ्ठा — ‘संप’. मी रेघेवर स्टूल टाकून विणत बसले. सुया थांबू दिल्या नाहीत.

वॉल्टर आला. नखशिखांत काळा, दात तेवढे पांढरे. “हे काय?”

“दिसत नाही? संप.”

“कसला?”

“पाण्याचा. जेवायला मिळेल, बोलायला मिळेल. पण हंडा, टब आणि साबण रेघेच्या आत आहेत.”

तो हसला. एक पाय उचलला — आणि पाय तसाच हवेत राहिला! देवाशपथ! पायालाच कळत होतं. मग त्याने तो हळूच मागे ठेवला, जणू काही उचललाच नव्हता. मी खाली मान घालून टाके मोजले, नाहीतर फुटलेच असते.

सासरेबुवा आले. पुठ्ठा वाचला. “कुणी मारली ही रेघ?”

“मी मारली, बाबा.”

“युनियनला विचारून?”

“आमची युनियन कालच निघाली.”

त्यांनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. “वाकडी आहे,” म्हणाले, आणि काळ्या तोंडाने जाऊन व्हरांड्यात बसले. मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला.

१ मे

सगळी घरं टिकली! एकही पाऊल आत नाही!

३ मे

चादरी धुणार नाही म्हटल्यावर तिघेही व्हरांड्यात गोणपाटावर झोपतात. आल्फ मोठ्या हुशारीने ओढ्यावर आंघोळीला गेला. खाणीतलं उपसलेलं पाणी त्याच ओढ्यात सोडतात, हे पठ्ठ्या विसरला! गेला त्याहून काळा होऊन, दात वाजवत परत आला. शनिवारी नाच आहे, आणि त्याची ती पोस्टातली मुलगी म्हणे आधीच सांगून बसलीय की पांढरा फ्रॉक घालणार. बिच्चारा! मी त्याला सुकं फडकं दिलं.

६ मे

आज चॅपलमध्ये जी मजा! मिसेस प्रॉसरने पुरुषांच्या बाकांवर गोणपाटं अंथरून ठेवली होती. सगळे मेंढरांसारखे ओळीने येऊन त्यावर बसले, कोट घातलेले, कॉलर लावलेले आणि वर ही तोंडं! पाद्रीबाबांनी संयमावर प्रवचन दिलं. संयम कुणी ठेवायचा, ते मात्र सांगितलं नाही. जेसीचा नवरा घाम पुसायला गेला आणि कपाळावर एक पांढरा पट्टा उमटला. मागच्या बाकावर आम्ही बायका ओठ चावून चावून बसलो होतो.

येताना वॉल्टरकडे बघितलं. डोळे लाल झालेत त्याचे, कोळशाच्या धुळीने. ते बघून वाईट वाटलं. वाटायचंच, नवरा आहे. पण उठले नाही.

८ मे

आज सगळं तुटायचं ते थोडक्यात वाचलं.

वॉल्टर आला तोच धुमसत. “पुरे झालं, हेस्टर! शेजारच्या खाणीतली पोरं आम्हाला बघून म्हशीसारखं रेकतात!” आणि त्याने सरळ रेघेपलीकडे पाय टाकायला घेतला. मी स्टुलावरून उठलेसुद्धा नाही. वाटलं, संपलं. हा आत गेला की गल्लीतले सगळे जातील. मग मी आहे आणि टब आहे.

“वॉल्टर! पाय मागे!”

व्हरांड्यातून आवाज आला. सासरेबुवा.

“बाबा, ही काय खरी रेघ आहे? बायकोने चुन्याने ओढलेली!”

“रेघेत खरी-खोटी नसते. आपल्या घरात आजवर कुणी ओलांडली नाही. तू ओलांडणार असशील तर आधी आडनाव बदल, मग पाय टाक.”

वॉल्टरने पाय मागे घेतला आणि बादलीला लाथ मारून निघून गेला. मी म्हातारबांकडे बघून हसले, म्हटलं आता विरघळले. कसले विरघळतात! बोट नाचवत म्हणाले, “तू खूश होऊ नकोस. आंघोळघर हे खूळच आहे. माझं मत होतं तेच आहे.” मग माझ्या हातातल्या विणकामाकडे त्यांची नजर गेली. मी ॲप्रनखाली सरकवलं.

१४ मे

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

अक्षर कुत्र्याच्या शेपटीसारखं येतंय, येऊ दे! आल्फ धावत येऊन सांगून गेला तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

खाणीच्या तोंडाशी पुन्हा सभा भरली. एकजण उठून म्हणाला, बायका आळशी झाल्यात, आमच्या आयांना कधी पाणी जड झालं नाही. लोक हसले. मग सासरेबुवा उठले. सगळ्यांना वाटलं, आता पाठीचं पुराण. सुरुवातही तीच — “मी माझी पाठ धुणार नाही. मेलो तरी नाही.” पुन्हा हशा.

मग म्हणाले, “माझ्या सुनेची दोन लेकरं पोटातच गेली. दोन्ही वेळा पेटी मी ठोकली. खाणीतल्या आधाराच्या लाकडाची. इतकी.” आणि हाताने दाखवली. “रेघेवर बसून ती विणत होती ते पायमोजे तुमच्या-माझ्या पायाचे नाहीत. मला दिसतं अजून. तिसरी पेटी माझ्याच्याने ठोकवणार नाही. मी आंघोळघरात पाऊल टाकणार नाही, पण हा माझा हात.”

आणि हात वर केला. काळाकुट्ट हात! मग जेसीच्या नवऱ्याचा. मग त्या ‘आळशी’ म्हणणाऱ्याचा. मग मोजायचं कामच उरलं नाही.

वॉल्टरला तिथे कळलं, सगळ्या खाणीसमोर! तो धावतच घरी आला. परसात येऊन रेघेच्या बाहेर उभा राहिला. काळ्या गालांवर डोळ्यांतून दोन पांढऱ्या वाटा उतरलेल्या. म्हणाला, “आता ओलांडू का?”

मी पायाने रेघ पुसून टाकली.

१५ मे

सासरेबुवांना सकाळी काहीतरी बोलायचं ठरवून गेले. त्यांनी पेला पुढे केला, “चहा पाणचट आहे,” म्हणाले. दुसरा कडक करून दिला. एवढंच बोलणं झालं.

२ जुलै

जुलै म्हणजे इथे ऐन हिवाळा. गवतावर पांढरं दहिवर आणि आमचे शूर वीर बादल्या वाहतायत! प्रत्येकजण आपापलं पाणी आपण भरतो. गल्लीत दुपारभर ठणठण, शिव्या आणि “अरे बापरे, किती जड!” जेसी कुंपणाशी उभी राहून ओरडते, “हळू रे राजा, पाठीतला जोर जाईल!” आंघोळघराच्या पायाच्या विटा आल्या. सगळे आता रोज जाऊन बघतात, कधी होतंय म्हणून. आता घाई सुटलीय साहेबांना!

पोटात हललं. चांगलं दणकून.

१६ ऑगस्ट

सातवा महिना उलटला. ज्या दिवसांची धास्ती होती ते गेले. नदीकाठची वॅटलची झाडं फुलांनी पिवळी झालीत. आज पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटलं. वॉल्टर या वेळी पाळण्याला हात लावत नाही, मीही लावत नाही.

१२ ऑक्टोबर

मुलगी! रडली — काय रडली! मिसेस प्रॉसर म्हणाली, “हा आवाज खाणीचा भोंगा म्हणून लावता येईल.” वॉल्टर मुलीला घेऊन खोलीत नुसता फेऱ्या मारतोय. पाळणा तेवढा मागच्याच फिक्या रंगाचा राहिलाय. नाव हॅना, गेलेल्या सासूबाईंचं.

सासरेबुवा पाळीवरून थेट आले आणि दारातच थांबले. म्हटलं, घ्या ना. “हात काळे आहेत,” म्हणाले. तिथूनच बघत राहिले, मग गडबडीने नाक शिंकरायला बाहेर गेले.

१९ जानेवारी १९२९

आंघोळघर उघडलं! खाणीवर बाईचं पाऊल पडलं की अपशकुन, म्हणून आजवर आम्हाला फाटकाच्या आत घेत नसत. आज बँड लावून घेतलं! आधी आम्ही बघणार, मग पुरुष आत, अशी जेसीची अट. इथला ऐन उन्हाळा, उन्हाचा कहर होता, पण सगळ्या हॅट-हातमोजे घालून गेलो, लग्नाला जावं तसं.

आतून पांढरं शुभ्र. ओळीने नळ. खाणीच्या बॉयलरच्या वाफेवर पाणी तापतं. जेसीने हॅटसकट एका नळाखाली मान वाकवली आणि म्हणाली, “बघू तरी खरंच गरम येतं का,” — आणि फिरवला! अशी किंचाळली की बँड थांबला. हॅटवरच्या कागदी फुलांचा लगदा झाला. ती हसत होती, रडत होती, आणि आम्ही सगळ्या तिच्या मागोमाग एकेक नळ फिरवत सुटलो. नुसता हात फिरवायचा, की गरम पाणी! उचलायचं काही नाही. हॅनाला कडेवर घेऊन मी तिथे उभी राहिले आणि मला माझ्या त्या दोघांची आठवण आली. त्यांनाही सांगितलं मनातल्या मनात.

२८ जानेवारी

वॉल्टर गोरा होऊन घरी येतो. अजून सवय नाही. परवा दारात बघून वाटलं, विमेवाला आला.

एकटे सासरेबुवा तसेच! सगळी गल्ली लखलखीत आणि मधून हे काळेकुट्ट चाललेले. पोरं मागे लागतात. बोलल्याप्रमाणे आंघोळघरात पाऊल नाही. घरी स्वतः हंडा तापवतात, स्वतः ओततात. पाठ कोरडी.

आज भंगारवाला आला होता. जेसी आणि मी ठरवलं होतं, हंडे विकून टाकायचे. तांब्याला भाव आहे, आणि मला त्या हंड्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही. म्हातारबा मध्ये आडवे! “हंडा विकायचा नाही. जेसीलाही सांग.” मी चिडले. म्हटलं, बाबा, एका माणसाच्या हट्टापायी? तुम्हाला छोटं पातेलं पुरेल. तर म्हणतात, “हंडा नुसता अंग धुवायला नसतो, पोरी.” भंगारवाला रिकामा गेला. हट्टी म्हातारा!

१८ फेब्रुवारी

नोटीस लागली. आमच्याच नाही, दरीतल्या सगळ्या खाणींवर. मजुरी कमी घ्या, नाहीतर फाटक बंद. मालक सगळे एक झालेत. वॉल्टर म्हणतो, कुणी घेणार नाही. मी म्हटलं, घेऊच नका. हॅनाला पहिला दात येतोय.

४ मार्च

फाटकं बंद. पूर्ण दरीला टाळं, कधी उघडेल कुणाला ठाऊक नाही. आंघोळघरही टाळ्याच्या आत.

सकाळी परसात धूर दिसला. सासरेबुवांनी हंडा राखेने घासून आरशासारखा केलेला, चुलाण पेटवलेलं. हंड्यात बटाटे, भोपळा, खाटकाने दिलेली हाडं. कुंपणापलीकडे जेसीच्या हंड्याचा धूर, त्याच्या पलीकडे मिसेस प्रॉसरच्या. सगळ्या गल्लीचं जेवण. त्यांचे हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि एका हातावर हॅना! पाठ मात्र अजून कोरडीच. म्हणतात, आता तर जोर लागणार आहे.

परसाच्या फाटकाशी हॅलम बेकर पावांची टोपली घेऊन कधीचा उभा होता, आत यायचा धीर नव्हता. सासरेबुवांनी बघितलं, हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाले, “उभा का? इथे कुणी रेघ मारलीय?”

मी हंड्याशी गेले, पाण्याची बादली उचलायला वाकले.

“तू काही उचलू नकोस,” म्हणाले. “मीठ बघ फक्त.”